सेरेंगहातूची अडीचशे डोकी

८ मार्च

पोचलो एकदाचा. चाईबासाहून निघालेल्या जीपमध्ये आत जागा नव्हती, म्हणून टपावर बसलो. शेजारी एक कोंबडा होता, पाय बांधलेला, पण माझ्यापेक्षा ऐटीत बसलेला. फाट्यावर जीपने आम्हा दोघांना उतरवलं. कोंबड्याला न्यायला माणूस आला होता. मला कोणी नव्हतं. पुढे दोन तास चाल, मध्ये एक ओढा, एक चढ, आणि मग चिंचेचं झाड. तिथून सेरेंगहातू सुरू होतं.

शेहेचाळिसाव्या वर्षी डोंगरात बदली म्हणजे शिक्षाच, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले होते. मला तसं वाटत नाही. सालाची झाडं फुललीत, मोह गळतोय, सगळ्या गावाला गोडसर आंबूस वास येतोय. राहायची सोय जांबी कुईच्या घरी झालीय. म्हातारी सत्तरीची असेल. पितळी तांब्यातून पाणी दिलं, पाय धुवायला लावले आणि माझं आडनाव ऐकून विचारलं, देवगम म्हणजे कुठले? आमचं मूळ गाव सांगितलं तर म्हणाली, मग तू घरचाच, फक्त शहरात नासलेला. संध्याकाळी पळसाच्या पानाच्या द्रोणात दियांग दिली. तांदळाची दारू, दोन दिवस आंबवलेली, जरा कडक. नासलेला माणूस सुखाने झोपला.

१० मार्च

शाळेत भिंती आहेत, मुलं आहेत, फळा नाही. मुख्याध्यापक मीच, शिपाईही मीच. शिपाई जरा उद्धट आहे.

ब्लॉक ऑफिसातून पत्र आलं. गावाची माहिती लिहून पाठवायची: लोकसंख्या किती, बायका किती, पुरुष किती, जवळचा पक्का रस्ता किती लांब, जवळचा बसस्टॉप, रेल्वे, पोस्ट, दवाखाना. डोंगराळ मुलखात अडीचशे डोकी भरली तर गावापर्यंत बस मिळणार आहे. रस्त्याच्या रकान्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय आहेत. आमच्या रस्त्याला या दोन्हींत बसवणं अवघड आहे. पावसाळ्याआधी असतो.

१४ मार्च

घरोघर फिरलो. निम्म्या दारांना कुलपं. तरणी माणसं वीटभट्ट्यांवर, कोणी तामिळनाडूत, कोणी गुजरातेत. जे सहा महिन्यांहून जास्त बाहेर, ते मोजायचे नाहीत असा नियम. म्हणजे बस नाही म्हणून जे गेले, ते गेल्यामुळे बस मिळायची नाही. असा नियम करायला डोकं लागतं.

जांबी कुईचे दोन्ही मुलगेही भट्टीवर. धाकट्याची बायको सालगी घरी असते. पोटुशी आहे, एप्रिलच्या मध्यावर दिवस भरतील. वीस-एकवीस वर्षांची, जीभ तिखट. माझा चष्मा पाहून म्हणाली, मास्तर, तुमचे डोळे घरी विसरून आलात की काय, हे काचेचे घेऊन फिरताय. मोह वेचताना वाकता येत नाही म्हणून बसून सरकत वेचते.

तिची थोरली जाऊ गेल्या वर्षी बाजेवरच गेली. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, ओढ्यापर्यंत पोचले, तिथे मूल आडवं आलं. दोघंही ओढ्यातच. सालगीने हे मला चुलीत लाकूड सारता सारता सांगितलं आणि म्हणाली, तुमच्या त्या कागदात लिहा, मला बस पाहिजे. मी म्हटलं, लिहितो. ती म्हणाली, लिहू नका, आणा.

१७ मार्च

मोजणी झाली. दोनशे सत्तेचाळीस.

त्यात मी स्वतःलाही धरलंय, जांबी कुईच्या घरचा म्हणून. तरी तीन कमी. गावचा मुंडा, म्हणजे पाटील, तुराम सिरका याच्याकडे गेलो. गावात सगळ्यांत मोठं अंगण आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. म्हणाला, मास्तर, तुम्हाला मोजता येत नाही. घरात राहणारे मोजायचे ना? मग आदिंगमधले का सोडले?

आदिंग म्हणजे आतली खोली. धान्याची मडकी आणि पूर्वज दोन्ही तिथेच ठेवतात. माणूस पुरला की काही दिवसांनी त्याची सावली वाजतगाजत घरी आणायची आणि आदिंगमध्ये बसवायची, ही आम्हा ‘हो’ आदिवासींची रीत. मी चाईबासाच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. तिथे आतली खोली म्हणजे संडास. पण रीत मला माहीत आहे. तो मेला असं आम्ही म्हणत नाही, आत गेला म्हणतो.

तुराम म्हणाला, आमचे आतले लोक भट्टीवर जात नाहीत. बारा महिने घरी. यांच्याहून कायमचे रहिवासी तुम्हाला कुठे मिळणार?

बिनतोड मुद्दा. इतर गावांत मेलेले लोक रेशन उचलतात, मतं देतात, निराधार पेन्शन घेतात. आमच्या तिघांनी एका बसला हातभार लावला तर काय बिघडलं? तीन नावं घातली. म्हाताऱ्या मेचोची बायको. तुरामचा धाकटा भाऊ. आणि जांबी कुईचा नवरा लेबेया.

सालगीला सांगितलं तर इतकी हसली की पोट धरून खाली बसली. सासरा शेवटी कामाला आला म्हणाली.

२१ मार्च

तपासणीचा साहेब आला. नवा पोरगा, बूट चकचकीत, ओढा ओलांडताना भिजले म्हणून चिडलेला. आकडा बरोब्बर अडीचशे पाहून त्याला शंका आली, हे त्याच्या हुशारीचं लक्षण. म्हणाला, प्रत्येक दारात नाव पुकारा, माणसाने हजर म्हणायचं.

पुकारायचं काम माझ्याकडे, कारण नावं मला येतात. तुरामने बंदोबस्त केलाच होता. मेचोच्या दारात मेचोची मेव्हणी हजर म्हणणार, तुरामच्या दारात एक चुलतभाऊ, आमच्याकडे शेजारचा कोणीतरी. साहेबाला सगळे सारखेच दिसतात.

जांबी कुई मात्र सकाळपासून माझ्या मागे. कागदावर लिही हवं तितकं, पण दारात उभं राहून त्याचं नाव पुकारू नको म्हणाली. आत बसलेल्याला नावाने बाहेर हाक मारायची नसते. मी म्हटलं, कुई, ती हाक नाही, हजेरी आहे. शाळेत रोज घेतो. ती म्हणाली, तुझ्या शाळेतले जिवंत आहेत.

पुकारलं. मेचोच्या घरी मेव्हणीने वेळेवर हजर म्हटलं, पण मला दोन आवाज आल्यासारखे वाटले. तुरामकडेही तसंच. आमच्या दारात आलो. मी पुकारलं, लेबेया सिंकू. शेजाऱ्याचा पत्ता नाही, तो नंतर मोहाच्या झाडाखाली झोपलेला सापडला. साहेबाने मान वर केली. मी सबब शोधत होतो, तेवढ्यात आतून, पार आतून, मडक्यांच्या बाजूने, जाडसर घोगरा आवाज आला. हजर.

साहेबाने खूण केली आणि पुढच्या दाराकडे गेला. शेवटी कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, सर्व व्यक्ती समक्ष पाहिल्या.

जांबी कुई चुलीपाशी बसली होती. माझ्याकडे पाहिलं नाही. सालगी अंगणात होती. तिने विचारलं, मास्तर, आत कोण होतं?

मी म्हटलं, शेजारी असेल.

२९ मार्च

बस आली. खरंच आली. निवडणूक जवळ आलीय, साहेबांना घाई असावी. चिंचेखाली थांबते, सकाळी फाट्यापर्यंत आणि पुढे बाजाराच्या गावाला जाते, दुपारच्या आत परत. तुरामने बोकड कापला, ढोल वाजले, ड्रायव्हरला इतकी दियांग पाजली की त्याने परतीची फेरी उद्यावर ढकलली. सालगी बसमध्ये चढून सगळ्या सीटा दाबून पाहून आली. म्हणाली, दवाखान्यात जायचं तर याच सीटवर, खिडकीपाशी. मग लगेच म्हणाली, नको, ती गार आहे.

कंडक्टर तक्रार करत होता की गाडीत माणसं सात-आठ, आणि चढावर इंजिन असं धापा टाकतं जणू साठ भरलेत. मी म्हटलं, तुझी गाडी म्हातारी आहे. तो म्हणाला, गाडी नवी आहे मास्तर, तुमचं गाव जड आहे.

एक पाहिलं. मागच्या तीन सीटांवर कोणी बसत नाही. कोणी कोणाला सांगितलेलं नाही. उभे राहतात, पण बसत नाहीत.

१ एप्रिल

म्हातारा मेचो गेला.

सकाळी अंगण झाडत होता. झाडू टाकला, आत गेला आणि आदिंगमध्ये मडक्यांना पाठ लावून बसला. मेव्हणीने हाका मारल्या. डोळे उघडे, ओठ हलत नाहीत. तिघांनी उचलायचा प्रयत्न केला, पण कालपर्यंत एका हाताने उचलता आला असता असा म्हातारा हलेना. मला बोलावलं. मी नाडी पाहिली. चालू होती. सूर्य डोक्यावर आला तशी थांबली.

लोक म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हटलं. वय झालं होतंच.

३ एप्रिल

तुरामची बायको नांदी.

ती काल बाजाराला गेली होती. सकाळी भाजीची टोपली मांडून गिऱ्हाइकाशी भांडत होती, म्हणे वांग्यात किडा असला तर तो फुकट. मधेच उठली. टोपली, तराजू, सगळं तिथेच. पायी निघाली. बसने नाही, पायीच, दिवसभर आणि रात्रभर. कोणी हाक मारली तरी वळली नाही. आज सकाळी गावात शिरली, पायांची सालटी निघालेली, सरळ घरात, सरळ आदिंगमध्ये. तुराम तिच्यासमोर गुडघ्यावर बसून बोलत होता, तो मोठा आवाज गेलेला. दुपारपर्यंत बोलत होता. मग बोलायचं कारण राहिलं नाही.

मी बाहेर उभा होतो. मेचोच्या घरून एक नाव पुकारलं होतं. तुरामच्या घरून एक.

आमच्या घरून एक.

३ एप्रिल, संध्याकाळी

जांबी कुईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. निवडत निवडतच म्हणाली. आदिंग रिकामी राहत नाही. तू त्यांना बाहेर बोलावलंस, ते बाहेर आले. आता त्यांच्या जागी घरचं कोणीतरी बसणार. ते पळून जाऊन टळत नाही, नांदी पाहिलीस ना.

मी विचारलं, लेबेया आता कुठे आहे?

म्हणाली, बसमध्ये, दुसरं कुठे. जन्मभर लोकांच्या बाजा खांद्यावर वाहून फाट्यावर पोचवल्या त्याने. स्वतः कधी गाडीत बसला नाही. शेवटी ताप आला तेव्हा त्यालाही बाजेवर नेला. फाट्यावर गाडीची वाट पाहता पाहता तिथेच गेला. आता खिडकीची जागा मिळालीय. आता तो उतरतोय होय.

मग म्हणाली, मी रोज दुपारी आत जाऊन बसते. म्हणते मला घे. घेत नाही मेला. चाळीस वर्षं त्याच्यावर ओरडले ना, त्याचा सूड.

सालगी दारात उभी राहून ऐकत होती.

४ एप्रिल

ब्लॉक ऑफिसला गेलो. बसने नाही, चालत. कारकुनाला म्हटलं, तीन नावं चुकून लागली, ही माणसं मेलेली आहेत, काढून टाका. बस गेली तरी चालेल.

तो म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा.

दाखला नाही. आमच्याकडे कोणी मेलं की दगड ठेवतात, दाखला नाही.

मग मेले कशावरून? आणि साहेबांनी तर समक्ष पाहिलंय. साहेबांना खोटं पाडताय का, देवगमजी?

शेजारच्या टेबलावरचा हसला. मीही हसलो. सवयीने.

परत येताना फाट्यावर बस दिसली, उभी, रिकामी. मागच्या खिडकीची काच आतून धुरकट झालेली. कोणी श्वास सोडावा तशी.

५ एप्रिल

मी आदिंगमध्ये बसलो. सकाळभर. मी या घरचा म्हणून लिहिलंय ना सरकारने. डासांनी फोडून काढलं, बाकी काही नाही. जांबी कुई म्हणाली, ऊठ, तुझ्या पूर्वजांचे दगड इथे नाहीत, तुला कोण विचारतंय.

तिने उपाय सांगितला. ज्याने बाहेर बोलावलं, त्यानेच परत आणायचं. नावाने हाक मारायची, नांगराचे दोन फाळ एकमेकांवर वाजवत घरापर्यंत चालत यायचं. तो मागून येतो. दार बंद असतं. आतून विचारतात, काय आणलंस, सुख की दुःख? सुख म्हटलं की दार उघडतं, आणि तो आत जातो.

संध्याकाळी चिंचेखाली जाऊन हाक मारली. दोन वेळा. फाळ वाजवले. पायाखाली राख पसरली होती, पाऊल उमटलं तर कळावं म्हणून.

माझीच पावलं.

जांबी कुई म्हणाली, तो गाडीतून उतरलाच नाही. गाडीत जाऊन बोलाव.

सालगी आज हसली नाही. दोनदा आत गेली. काय आणायला गेले ते विसरले म्हणाली. दुसऱ्या वेळी मी हात धरून बाहेर आणलं. हात गार होता. त्या सीटसारखा.

मी म्हटलं, उद्या आणतो त्याला. ती म्हणाली, मास्तर, तुम्ही बसही आणली होती.

६ एप्रिल

सकाळी कळा सुरू झाल्या. दहा दिवस आधी.

आणि कळांमध्येच ती उठली आणि आत गेली. जांबी कुई तिला मिठी मारून बसलीय. हलत नाही. पोट हलतंय. ती नाही.

मेचो आणि नांदीसारखं, दुपारपर्यंतच.

६ एप्रिल, बसमध्ये

शेवटच्या तीन सीटांपुढे राख टाकली. कंडक्टर ओरडला, मास्तर, ही बस आहे, चूल नाही. मी त्याला पैसे दिले, काय वाटेल ते कर म्हटलं, पण परतताना चिंचेखाली थांब. पोटुशी बाई न्यायची आहे. तिला घेतल्याशिवाय हलू नकोस. तो चांगला माणूस आहे. थांबतो म्हणाला.

फाट्यावर नाव घेतलं. लेबेया. लेबेया सिंकू. घरी चल. तुझी सून —

सीटची स्प्रिंग वर आली.

राखेत पाऊल. मोठं, पसरट, बाज वाहणाऱ्याचं. मग दुसरं.

बोललो त्याच्याशी सगळ्या वाटेवर. म्हटलं, नातू आहे पोटात, नाहीतर नात आहे. म्हटलं, तू पुष्कळ बाजा वाहिल्यास, ही एक राहिली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. बघू दे.

घरापाशी

चिंचेपासून चालत आलो. फाळ वाजवत. मागून पावलं येत होती, वाळल्या मोहाच्या पानांवर. मागे पाहायचं नसतं. पाहिलं नाही.

दार बंद. आतून जांबी कुईने विचारलं, काय आणलंस, सुख की दुःख?

मी म्हटलं, सुख.

दार उघडत नाही. ती आतून म्हणते, तू नाही, तो. बोलावणारा तू, उत्तर त्याचं.

तो माझ्या मागे उभा आहे.

सूर्य — माझी सावली पायाखाली यायला बोटभर राहिलीय. उभ्या उभ्या लिहितोय.

जांबी कुईने परत विचारलं. आवाज फाटलाय तिचा. म्हणते सालगीचे ओठ पांढरे पडले, लवकर —

मागे घसा खाकरला. तो बोलणार आहे. मानेवर गार हवा. बोल, बाबा. एकच शब्द. बोल —

चिंचेखाली हॉर्न. कंडक्टर. थांबलाय बिचारा, आमच्यासाठी. घाई करा म्हणतोय. परत हॉर्न. नको वाजवू, अरे, नको —

पावलं वळली.

पानांवरून, चिंचेकडे, धावत — लेबेया, थांब, ती बस तुझी नाही, ती तुझ्या सुने —